भट्टीपासून तीन महिने लांब

दुसऱ्या खेपेचा निकाल आला तेव्हा मधला भट्टीसमोर उभा होता. तीन भावांतला हा मधला, म्हणून घरात, दुकानात, गल्लीत सगळे त्याला मधलाच म्हणत. लग्न झालं तशी त्याची बायको आपोआप मधली झाली. बेकरी वडिलांची. थोरला काउंटर सांभाळायचा, धाकटा गाडी घेऊन दुकानांना माल पोचवायचा आणि मधला सोळाव्या वर्षापासून विटांच्या जुन्या भट्टीवर. लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवायचे आणि रंग बघून बाहेर ओढायचे. त्याला घड्याळ लागत नसे.

फोनवर मधली एवढंच म्हणाली, "नाही झालं."

"घरी येतेस?"

"सहाला सुटते ना मी. आत्ता एका माणसाच्या नळाला तीन दिवस पाणी नाहीये. तो माझ्यावर ओरडतोय, त्याला होल्डवर ठेवलंय." ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात फोन घ्यायची. मग तिचा आवाज जरा खाली आला. "संध्याकाळी बोलू."

मधल्याने फोन ठेवला, मागच्या दाराशी गेला आणि सिगारेट पेटवली. अर्धी ओढून झाल्यावर आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं. तरी त्याने ती संपवली.

कारण निकाल असा का आला, हे त्या घरात फक्त त्याला ठाऊक होतं. निदान अंदाज तरी होता, आणि तो बाकी कुणालाच नव्हता.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला बोलावून घेतलं होतं. टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांची पहिली खेप फसल्यावर त्याची एक जास्तीची तपासणी केली होती, तिचा कागद त्यांच्यासमोर होता. "संख्या ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हालचालही बरी आहे. पण शुक्राणूच्या आत जो धागा असतो ना, ज्यावर सगळं लिहिलेलं असतं, तो बऱ्याच जणांचा तुटलेला आहे. अशाने गर्भ तयार होतो, चार-पाच दिवस वाढतो आणि मग थांबतो. किंवा रुजतच नाही. काम काय करता?"

"बेकरी आहे. भट्टीवर असतो."

"किती तास?"

"नऊ. दहा."

"सिगारेट?"

"चार-पाच."

"खरं सांगा."

"बारा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने भट्टीपासून लांब राहायचं, सिगारेट पूर्ण बंद करायची आणि पुन्हा तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. हमी कशाचीच नव्हती. पण आहे त्या स्थितीत घाई करण्यात फारसा अर्थ नाही, असं त्यांचं मत होतं.

"पण माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं त्याच भट्टीवर काढली," मधला म्हणाला. "आम्ही तिघं झालो."

"तुमच्या वडिलांना कुणी तपासलं नव्हतं. आणि एकाचं शरीर दुसऱ्यासारखं नसतं. घरी बायकोशी बोला. तिचं वय पस्तीस आहे, तीन महिने तिच्याही बाजूने मोजावे लागतात. थांबायचं की नाही, ते दोघांनी मिळून ठरवा."

तो सांगणार होता. त्या संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत त्याने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण पानावर बसल्या बसल्या धाकट्याला मस्करी सुचली. "थोरल्याची तीन, माझी दोन. काय रे मधल्या, भट्टी पेटते ना?" सगळे हसले. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मधलाही हसला, आणि जुळवलेलं वाक्य घासाबरोबर गिळून टाकलं.

भट्टी सोडायची तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं की ते आधी जेवणाच्या टेबलावर, मग काउंटरवर आणि तिथून पावाबरोबर घराघरांत जाणार. आपल्या तोंडून ते बाहेर पडलेलं त्याला ऐकवत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला आणि ती दोघं डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली.

"मग? ठरलं ना तुमचं?" बाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे बघत विचारलं. "थांबायचं नाही?"

मधलीला वाटलं, रजेच्या तारखांबद्दल विचारतायत. महिनाभर त्यावरून ती साहेबांशी भांडत होती. "ठरलं," ती म्हणाली. "थांबून काय करायचं?"

टेबलावर गर्भाशयाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. मधला त्याच्याकडे बघत राहिला. एक अक्षरही न बोलता तो आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलला होता.

पुढचे अकरा दिवस त्यानेच तिच्या पोटात इंजेक्शनं दिली. रोज सकाळी, बेंबीच्या एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तिचं पोट निळंजांभळं झालं होतं. "हात हलका आहे तुझा," असं ती म्हणायची.

आणि आता, नाही झालं.

घरात त्याचं कारण शोधायला कुणाला वेळ लागला नाही. "टेन्शन," आई म्हणाली. "दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि घरी येऊन म्हणायचं, रुजत का नाही. कसं रुजेल?" थोरल्या जावेने मान हलवली. तिच्या मावसबहिणीने नोकरी सोडली आणि दुसऱ्याच महिन्यात तिला दिवस राहिले होते. वडील कधी अशा विषयात पडत नसत, पण तेही म्हणाले, "सोडून दे पोरी. इथे काय कमी आहे?"

मधली म्हणाली, "मला आवडतं ते काम." मग तिने नवऱ्याकडे बघितलं. लोकांच्या तक्रारींच्या गोष्टी ती घरी येऊन नकला करत सांगायची. नळातून मासा आला म्हणून रडणाऱ्या बाईची नक्कल तर तिच्याकडून तो पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. तो आता काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं.

तो मूग गिळून बसला. पुढच्या सोमवारी तिने राजीनामा दिला.

त्यानंतर त्या घराने मधलीला शांत ठेवायला सुरुवात केली. माणसं वाईट नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त जड गेलं. ती खोलीत आली की टीव्हीवरची रडारड बंद व्हायची. मुलांना "काकूला त्रास देऊ नका" म्हणून वरच्या मजल्यावर पिटाळलं जायचं. तिने ओट्याला हात लावला की सासू तिचा हात बाजूला करायची. तिच्या आवाजाला जरा धार आली की सगळे एकदम मऊ व्हायचे. एकदा तिने मुद्दाम जावेचा आवडता कप फोडला, नुसतं बघावं म्हणून. जाऊ म्हणाली, "जाऊ दे गं, तू बस."

"माझ्याशी कुणी भांडतसुद्धा नाही," ती मधल्याला म्हणाली. "रडायला आलं तरी आधी विचार येतो, याने आतलं काही बिघडेल का? रडूसुद्धा आतल्या आत मोजून रडते मी. हे असं आणखी किती दिवस?"

"थोडेच दिवस," तो म्हणाला. सिगारेट त्याने बारावरून सहावर आणली होती, कुणाला न सांगता. भट्टी काही सुटली नव्हती. कधीकधी फळी हातात धरून तो भट्टीच्या तोंडापासून एक पाऊल मागे उभा राहायचा, जणू त्या एका पावलाने काही होणार होतं.

तिसऱ्या खेपेआधी दवाखान्याने दोघांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. छोटीशी खोली, तीन खुर्च्या, एक खिडकी आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. मधलीने बसल्या बसल्या विचारलं, "एकच सांगा. मागच्या वेळी गर्भ आत ठेवल्यानंतर चौथ्या दिवशी मी ऑफिसात खूप चिडले होते. बाथरूममध्ये जाऊन रडलेही. त्याने गेलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"रडण्याने गर्भ जात नाही. ताणाचा आणि निकालाचा थेट संबंध शोधायला पुष्कळांनी पुष्कळ वर्षं घालवली, तसा काही हाताला लागत नाही. ताणाने होतं एवढंच, की माणूस कंटाळून उपचार अर्ध्यावर सोडतो. एकटं पडतो. झोपत नाही. ते कमी व्हावं म्हणून मी इथे बसते. तुम्हाला गुन्हेगार ठरवायला नाही."

मधली हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, मोठ्याने, न मोजता. बाईंनी तिला रडू दिलं. मधला खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होता. आता पुढचा प्रश्न काय येणार ते त्याला कळलं होतं आणि खोलीला दार एकच होतं, बाईंच्या पाठीमागे.

"मग कशामुळे गेलं?" मधलीने डोळे पुसत विचारलं.

बाईंनी चष्मा चढवून फाइल उघडली. "बरीच कारणं असतात. स्त्रीबीजाचं वय असतं. आणि मागच्या वेळी तर तुम्ही दोघांनी न थांबायचं ठरवलं होतं, असं इथे लिहिलंय. यावेळी तीन महिने थांबलात ना?"

"कुणी थांबायचं होतं?"

बाईंनी चष्मा काढला. त्या मधल्याकडे बघू लागल्या.

"मी," मधला म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. तुटलेला धागा, भट्टी, बारा सिगारेटी, प्लॅस्टिकचं मॉडेल. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मधली ऐकत होती, तक्रार नोंदवून घेताना ऐकायची तशी, मधे न बोलता.

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती शेवटी म्हणाली. हसली मात्र नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बोटं मोजत म्हणाली, "चार महिने तेव्हा. पाच महिने नंतरचे. नऊ. लोकांना तेवढ्यात मूल होतं."

घरी पोचल्यावर सासूने दारातच विचारलं, "काय म्हणाल्या बाई? शांत राहायला सांगितलं ना?"

मधलीने नवऱ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली आणि आत गेली. तो मागोमाग खोलीत आला तेव्हा तिने दार लावून घेतलं. "मी सांगणार नाही कुणाला. ते तुझं काम आहे. तू सांगेपर्यंत या घरात वांझ मी, तापट मी, टेन्शनवाली मी. रोज सकाळी उठून तुला ते बघावं लागेल. बघ, किती दिवस जमतंय."

त्याला आठ दिवस जमलं. त्या आठ दिवसांत ती जुन्या ऑफिसात जाऊन आली. तिची खुर्ची भरली होती, पण दुपारच्या पाळीला तात्पुरती जागा होती. ती तिने घेतली. घरात एकच गहजब झाला. "हिला मूल नकोच असेल," जाऊ म्हणाली, आणि ते मधलीच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्याने.

नवव्या दिवशी सकाळी वडील भट्टीपाशी आले. पहिला घाणा निघाला की एक पाव फोडून बघायची त्यांची सवय होती. मधल्याने फळी भिंतीला टेकवली. "बाबा, मला भट्टी सोडावी लागेल. तीन महिने. मूल होत नाही ते माझ्यामुळे. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. मी लपवलं."

वडिलांच्या हातात फोडलेला पाव तसाच होता. "माझी तीन पोरं याच भट्टीसमोर," ते म्हणाले, पण पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तिला माहीत आहे?"

"हो."

"आणि तरी ती नोकरीवरून बोलणी खातेय?"

 वडिलांनी पाव टोपलीत टाकला आणि निघून गेले.

आई रडली. मग डोळे पुसून ती कामाचं बोलली. "झालं ते झालं. पण हे घराबाहेर जाता कामा नये. तिच्याबद्दल लोक बोलतातच, त्यात तिचं आणखी काय जायचंय? तुझं मात्र दुकान आहे. काउंटरवर दहा माणसं येतात." तिने वडिलांचा जुना कमरेचा पट्टा शोधून आणला. "विचारलं कुणी, तर पाठ धरलीय म्हणायचं."

अशा रीतीने मधला पाठ न दुखता पट्टा बांधून काउंटरवर उभा राहिला. धाकटा भट्टीवर गेला आणि पहिल्या दिवशी चार ट्रे काळेठिक्कर केले. वडील स्टूल टाकून त्याच्याशेजारी बसले आणि दिवसभर ओरडत राहिले. गिऱ्हाइकं पाव उलटा करून खालची बाजू बघायची आणि विचारायची, "भट्टीवाले इकडे कसे?" थोरला लगेच म्हणायचा, "पाठ." मग लोक पाठीवरचे उपाय सांगायचे, आणि मधला एक हात कमरेवर ठेवून ते ऐकायचा. वाकून खालच्या फळीवरचं पाकीट काढताना कण्हायला विसरला की थोरला डोळे वटारायचा. पट्टा आवळून त्याला बसता येत नव्हतं, जेवलेलं पचत नव्हतं, आणि दुपारी साडेबाराला पाळीला निघालेली मधली काचेपलीकडून जाताना पट्ट्याकडे एकदा बघायची.  सिगारेट सुटल्याने हाताला चाळा म्हणून तो गल्ल्यातली नाणी पुन्हा पुन्हा रचायचा.

अठराव्या दिवशी गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या. त्यांनी तिघाही भावांना शाळेत शिकवलं होतं. "मधलीने पुन्हा नोकरी धरली म्हणे," त्या म्हणाल्या. "अशाने कसं व्हायचं रे? एवढं टेन्शन घेतल्यावर मूल राहतं का कधी? तू जरा दटाव तिला."

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मधल्याने शर्टाखाली हात घालून पट्ट्याची चिकटपट्टी ओढली. तिचा चर्रर्र आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बाई, माझी पाठ ठणठणीत आहे. मूल होत नाही ते माझ्यामुळे. भट्टीची उष्णता आणि सिगारेट, म्हणून मी इथे उभा आहे. तिच्या नोकरीचा काही संबंध नाही. तिचं काहीच चुकलेलं नाही."

थोरल्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं. मास्तरीणबाईंनी चष्मा नीट केला. "बरं," त्या म्हणाल्या. "असं आहे होय. मग... एक डझन पाव दे. कमी भाजलेले असतील तर बघ."

संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. धाकट्याच्या मस्कऱ्या थांबल्या, आणि मधल्याला वाटलं होतं तसं हलकं मात्र वाटलं नाही. तो आला की बोलणं थांबायचं. घरात त्याच्याशीही आता सगळे मऊ आवाजात बोलायला लागले. मधलीला ते लगेच कळलं. "कसं वाटतं?" तिने विचारलं. तो "गुदमरतं" म्हणाला. "हं," ती म्हणाली.

साडेतीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत त्याचा कागद पुष्कळ सुधारला होता. तिसऱ्या खेपेला दोन गर्भ तयार झाले. डॉक्टरीणबाईंनी एक आत ठेवला आणि दुसरा गोठवून ठेवला. या वेळी इंजेक्शनं मधलीने स्वतःच घेतली. त्याने हात पुढे केला होता. "नको," एवढंच ती म्हणाली.

निकालाच्या दिवशी त्याने काउंटरवर फोन पालथा घालून ठेवला होता. तीनच्या सुमारास तो वाजला.

"नाही झालं," ती म्हणाली. मागे ऑफिसातले आवाज होते. या वेळी तिने कुणाला होल्डवर ठेवलं नव्हतं. ती नुसती फोन धरून राहिली, आणि तोही.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं. बीज चांगलं होतं, गर्भ चांगला दिसत होता. स्त्रीबीजाचं वय आता छत्तीसच्या पुढे गेलंय, ते एक कारण असू शकतं. नसूही शकतं. "नेमकं कशामुळे, हे मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ते खोटं ठरेल."

घरी आईने तोंड उघडलं, पण दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

"ते नऊ महिने," मधला खोलीत म्हणाला. "ते माझ्यामुळे गेले."

"हो," मधली म्हणाली. त्याला वाटलं, ती पुढे काही बोलेल, पण ती साडीच्या घड्या घालत राहिली. शेवटची घडी घालून म्हणाली, "मी कुठे जात नाहीये. पण माफही केलेलं नाही. दोन्ही एकदमच चालू आहे माझं, मलाच कळत नाही कसं ते. आणि एक उरलंय. ते आत ठेवायचं की नाही, कधी ठेवायचं, ते मी ठरवीन. मला विचारू नकोस. आडून नको, तोंड बघूनही नको."

"नाही विचारणार."

गोठवलेला गर्भ वर्षभर ठेवायचा तर दवाखान्याला दोघांच्या सह्या हव्या होत्या. पुढच्या आठवड्यात दोघं गेली. खिडकीवरच्या मुलीने चार पानांचा फॉर्म पुढे सरकवून सही कुठे करायची त्यावर फुल्या मारून दिल्या.

"वाच," मधली त्याला म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. मोठ्याने."

प्रतीक्षेच्या खोलीत पाच-सहा जोडपी बसली होती. त्याने वाचायला सुरुवात केली. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास काय, दोघं वेगळी झाल्यास काय, एकाची संमती नसल्यास काय. त्या कलमाशी तो अडखळला. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौथं पान संपल्यावर तिने फॉर्म घेतला, तारीख टाकली, सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं.

मग पर्स उचलून ती जिन्याकडे चालू लागली. तिची ऑफिसातली पाळी एकला सुरू होत होती.